नाव कमी करण्याचा अर्ज

रुख्माबाईच्या हातची चूल तडकत नाही, असं उंबरपाड्यात म्हणतात. बोराडीच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला चाळीस-पंचेचाळीस घरांचा हा पाडा. घरात नवी सून आली की सासू आधी रुख्माबाईला बोलावणं धाडते. ती नाल्याकाठची चिकणमाती आणते, तीत शेण आणि भुसा कालवते आणि अंगठ्यानं दाबत दाबत चूल उभी करते. गॅसची टाकी आता बऱ्याच घरांत आली आहे, पण भाकरी अजून चुलीवरच होते. या मातीकामात तिच्या दोन्ही अंगठ्यांवरच्या रेषा पुसून गेल्या. उरल्यासुरल्या कापूस वेचताना गेल्या. रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा पहिल्या खेपेला कधी लागत नाही. दुकानदार फडकं पुढे करतो, ती बोट पुसते, पुन्हा ठेवते. तिसऱ्या-चौथ्या वेळी मशीन ओळख देतं.

गेल्या सप्टेंबरात मशीननं तिचा अंगठा पहिल्याच दमात घेतला आणि धान्य मात्र दिलं नाही.

दुकान पारसचं, बोराडीच्या बाजारात. त्याचे वडील लखीचंद शेठ यांच्या नावावर रेशनचा परवाना होता, तो आता पारसकडे आला. चार पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं घराणं. पारस गिऱ्हाइकांशी अहिराणीतच बोलतो आणि आपल्याहून मोठ्या बाईला अक्का म्हणतो. त्यानं मशीनकडे पाहिलं, पुन्हा एकदा कार्डाचा नंबर घातला आणि मग खणातून एक कागद काढला. तहसीलमधून यादी आली होती. सरकारनं सगळी रेशनकार्डं इन्कमटॅक्सच्या नोंदींशी, आरटीओतल्या गाड्यांशी, आणखी कशाकशाशी ताडून पाहिली होती. ज्यांच्या घरात कमाई किंवा गाडी दिसली त्यांची नावं वेगळी काढली होती. चौकशी होईपर्यंत त्यांचं धान्य बंद. पारसच्या दुकानाची सात कार्डं त्यात निघाली. पाचवं रुख्माबाईचं.

पारसनं विचारलं, अक्का, घरात कोणाची चारचाकी आहे का. तिच्या घरात दोन शेळ्या होत्या, कोंबड्या होत्या, आणि ती होती.

पारसनं कागद जवळ धरून पुढचं वाचलं. मग तो वाचायचा थांबला. मागे उभ्या असलेल्या दोन बायांना त्यानं जरा बाजूला बसायला सांगितलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "अक्का, गाडी बादलच्या नावावर दाखवतंय. बादल कुवरसिंग. गुजरातची पासिंग. दोन वर्षांपूर्वी घेतलेली."

रुख्माबाईला ऐकू आलं. शब्द सगळे कळले. ती म्हणाली, "मरेल माणूस गाडी लेस का?" मेलेला माणूस गाडी घेतो का.

बादल तिचा एकुलता एक मुलगा. नवरा कुवरसिंग छातीच्या दुखण्यानं लवकर गेला, तेव्हा बादल अठरा वर्षांचा होता. आधी तो सावद्याला केळीचे घड ट्रकमध्ये भरायला जाई. लग्न झालं, ज्योत्स्ना घरात आली, आणि दीड वर्षानं, दिवाळी झाल्यावर, तो मुकादमाबरोबर गुजरातेत गेला. भरूचच्या पुढे कुठल्याशा रंगाच्या कारखान्यात. पहिलं वर्षभर फोन येत होते. मग कमी झाले. मग एका मार्चमध्ये त्या कारखान्यात स्फोट झाला. पाड्यावरचा छगन त्याच्या बरोबर होता, तो भाजलेला हात घेऊन परतला आणि म्हणाला की बादलची पाळी त्याच रात्री होती. रुख्माबाई आणि तिचा दीर तिकडे गेले. दवाखान्याच्या आवारात दोन दिवस बसले. काही माणसं ओळखू येण्यासारखी राहिलीच नव्हती. मुकादमाचा फोन बंद. यादीत बादलचं नाव नव्हतं, पण यादीत नसलेलेही मेले होते असं तिथले लोक सांगत.

दोन महिने वाट पाहून पाड्यानं ठरवलं की तो गेला असं धरून दिवस घालायचा. जेवण घातलं, ज्योत्स्नाच्या बांगड्या उतरवल्या. रुख्माबाई तेव्हा रडली ते साऱ्या पाड्याला ऐकू गेलं. चार-पाच दिवस तिचा घसा बसला होता. ज्योत्स्ना एका कोपऱ्यात तोंड झाकून बसलेली असायची, तिचा आवाज कोणी ऐकला नाही. रुख्माबाईला वाटलं, पोरगी आतून गेली.

ज्योत्स्नाला आई नव्हती. दोन वर्षं ती सासूजवळच राहिली. दोघी मजुरीला एकत्र जात, एका ताटात जेवत. एके दिवशी रुख्माबाईनंच ठरवलं की हे असं किती दिवस. तिनं स्वतः फिरून स्थळ पाहिलं. सांगवीजवळच्या पाड्यावरचा वना, बायको बाळंतपणात गेलेली, निर्व्यसनी. ज्योत्स्नाला तिनं लेकीसारखी लावून दिली. रेशनकार्डावरून ज्योत्स्नाचं नाव त्या वेळी कमी झालं. बादलचं मात्र राहिलं. मयताचा दाखला नव्हता, आणि दाखल्याशिवाय मेलेल्याचं नाव निघत नाही. शिवाय खरं सांगायचं तर रुख्माबाईनं कधी फार खटपटही केली नाही. त्याच्या वाट्याचं पाच किलो धान्य येत राहिलं आणि ती ते आणत राहिली. पारसला ठाऊक होतं. तो काही बोलला नाही. पुढे प्रत्येकाचा अंगठा घेऊन केवायसी करायची सक्ती आली तेव्हा ते पाच किलो आपोआप बंद झालं. नाव तेवढं कार्डावर उरलं.

पारसनं मोबाइलवर गाडीचा नंबर टाकून पाहिला. मालकाच्या नावाच्या जागी एकदोन अक्षरं आणि बाकी सगळे तारे आले. पहिलं अक्षर ब. त्यानं ते रुख्माबाईला दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण तिनं तारे पाहिले. पारस म्हणाला की दुसऱ्याच माणसाचा आधार नंबर चुकून जोडला गेला असेल, असं होतं कधी कधी, तहसीलमध्ये जाऊन विचार. त्यानं दुकानातली थोडी ज्वारी तिच्या पिशवीत घातली. ती पिशवी घेऊन ती चालत पाड्यावर आली, शेळ्या सोडल्या, पाणी भरलं. कोणाला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आपल्याजवळ आहे असं तिला वाटलंच नाही. हात नेहमीसारखे चालत होते.

आठ दिवसांनी ती शिरपूरला गेली. तहसील कार्यालयात पुरवठा शाखेबाहेर रांग होती. एक मास्तर मोठ्यानं सांगत होता की मी रिटायर झालो त्याला नऊ वर्षं झाली. एक बाई तिच्या नावावर कंपनी निघाल्याचा कागद घेऊन आली होती आणि कंपनी म्हणजे काय ते ज्याला त्याला विचारत होती. रुख्माबाईचा नंबर दुपारच्या जेवणानंतर लागला.

टेबलामागे सुनंदाबाई नावाच्या कारकून होत्या. चष्मा कपाळावर, समोर थंड झालेला चहा. सकाळपासून त्यांनी अशी तीस-चाळीस प्रकरणं पाहिली होती. त्यांनी कार्ड घेतलं, कॉम्प्युटरवर पाहिलं आणि विचारलं, मुलगा कुठे असतो.

रुख्माबाईनं सगळं सांगितलं. एका सुरात, कोणा शेजारणीची हकीकत सांगावी तसं.

सुनंदाबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. पुन्हा एकदा पडद्यावर पाहिलं. आधार नंबर तोच, वडिलांचं नाव तेच, जन्मवर्ष तेच. गाडीच्या नोंदीत पत्ता अंकलेश्वरचा होता. चूक दिसत नव्हती. त्या सावकाश म्हणाल्या की मावशी, हा तुमचाच मुलगा आहे बहुतेक.

मग त्यांनी काय करता येईल ते सांगितलं, कारण तेवढंच त्यांच्या हातात होतं. मुलगा मयत म्हणून नाव काढायचं तर दाखला हवा, आणि ज्याच्या नावावर दोन वर्षांपूर्वी गाडी घेतली गेली त्याचा मयताचा दाखला कोणी देणार नाही. दुसरा मार्ग असा की तो वेगळा राहतो असं रुख्माबाईनं लिहून द्यायचं. मुलगा हयात असून विभक्त राहतो, त्याच्या उत्पन्नाशी माझा संबंध नाही, त्याचं नाव कार्डातून कमी करावं. अर्ज छापील होता, नाव आणि पत्ता भरायचा. त्यावर अंगठा. मग निरीक्षक येऊन घर पाहून जातील.

"पण खात्रीसाठी त्याच्याशी बोलावं लागेल," सुनंदाबाई म्हणाल्या. "मोबाइल नंबर आहे इथे. लावू का?"

रुख्माबाई हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. सुनंदाबाईंनी टेबलावरचा फोन उचलून नंबर लावला. कार्यालयात गोंगाट होता म्हणून आवाज मोठा ठेवला.

आधी एका बाईनं उचलला, गुजरातीत काही बोलली. मागे लहान मूल ओरडत होतं. मग तो आला. रुख्माबाईनं 'हां, बोलो' एवढंच ऐकलं आणि तिला कळलं. आवाज जरा जाड झाला होता. बाकी तोच.

सुनंदाबाईंनी शिरपूर तहसीलमधून बोलत असल्याचं सांगितलं आणि कागदावरचे प्रश्न एकामागून एक विचारले. पूर्ण नाव. वडिलांचं नाव. गाडी तुमचीच का. तो बिचकत, पण नीट उत्तरं देत होता. गाडी त्याचीच होती, जुनी घेतलेली. तिथे राहून आठ वर्षं झाली. बायको तिथली, दोन मुलं. गावी येणंजाणं नाही. गाडीमुळे काही दंड वगैरे लागणार का, असं त्यानं विचारलं. सुनंदाबाई नाही म्हणाल्या. त्यांनी समोर बसलेल्या बाईकडे एकदा पाहिलं आणि अर्जात नसलेला प्रश्न विचारला.

"आई कुठे असते तुमची?"

फोनवर मागून लहान मुलाचा आवाज येत राहिला, टीव्हीचा येत राहिला. मग बादल म्हणाला, "तठेच व्हई."

तिथेच असेल. सुनंदाबाईंनी फोनवर हात धरला आणि भुवया उंचावून रुख्माबाईला विचारलं, बोलता का. रुख्माबाई त्यांच्या हाताकडे पाहत होती. बोलायचं तर तोंड उघडावं लागेल, हे तिच्या लक्षात आलं, आणि ते करावंसं वाटलं नाही. राग असता तर बरं झालं असतं. ती रागाची वाट पाहत बसली होती, पण तो यायचं नाव घेईना. सुनंदाबाईंनी 'ठीक आहे, ठेवते' म्हणून फोन ठेवला.

त्यांनी अर्ज भरला आणि वाचून दाखवला. 'हयात' या शब्दाचा अर्थ रुख्माबाईनं विचारला. सुनंदाबाई म्हणाल्या, जिवंत. रुख्माबाईनं शाईचा अंगठा उठवला. कागदावर नुसता निळा डाग पडला, रेषा एकही उमटली नाही. सुनंदाबाईंनी तो चालवून घेतला. उठताना त्यांनी एका चिठ्ठीवर तो फोन नंबर लिहून तिच्या हातात दिला. असं करायला नको होतं, हे त्यांनाही माहीत होतं.

शिरपूरच्या स्टँडवर बोराडीची एसटी उभी होती. रुख्माबाई तीत बसली नाही. ती पलीकडच्या काळीपिवळीत बसली आणि सांगवीला उतरली. ज्योत्स्नाला सांगायला हवं, एवढं एकच तिला कळत होतं. कसं सांगायचं ते तिनं वाटेत ठरवून पाहिलं. वनाचा संसार, पदरात तीन वर्षांची मुलगी, पोटात दुसरं. पहिला नवरा जिवंत आहे म्हणजे या सगळ्याचं काय, हे तिच्या डोक्यात शिरून तसंच बाहेर पडत होतं.

वना शेतात गेलेला होता. ज्योत्स्ना ओसरीवर सूप घेऊन उडीद निवडत बसली होती. सासू अशी अवेळी आलेली पाहून ती उठू लागली, तर रुख्माबाईनं तिला खुणेनं बसवलं. मुलगी धावत येऊन मांडीवर बसली. रुख्माबाई पाणी प्यायली आणि तांब्या खाली ठेवता ठेवता तिनं सांगितलं,

"बादल जिवत शे."

ज्योत्स्नाचे हात सुपात थांबले. पुन्हा चालू लागले. तिनं एक खडा उचलला, बाजूला टाकला. दुसरा उचलला. कुठे आहे, असं तिनं विचारलं नाही. कोणी सांगितलं, तेही नाही. रुख्माबाई त्या हातांकडे पाहत होती आणि पाहता पाहता तिला समजलं.

"तुले माहीत व्हतं."

"हां माय," ज्योत्स्ना म्हणाली. "दिवस घाला त्याना आधीपशी."

मग तिनं मान खाली घालूनच सांगितलं. स्फोटानंतर महिन्याभरानं तिच्या भावाच्या मोबाइलवर बादलचा फोन आला होता. तो कारखाना त्यानं स्फोटाच्या आधीच सोडला होता. तिकडच्या एका बाईबरोबर राहत होता, तिला दिवस गेले होते. मी आता येणार नाही, तू तुझं बघ, असं म्हणाला. आईला काय सांगायचं, असं ज्योत्स्नानं विचारलं तर म्हणाला, काही सांगू नको. भावानं तिला शपथ घातली. नवऱ्यानं टाकलेल्या बाईला कोण विचारतं, विधवेला तरी घर मिळतं, असं तो म्हणाला. ती एकवीस वर्षांची होती. इकडे पाड्यानं दिवस ठरवला होता. रोज सकाळी आता सांगू म्हणून ती उठायची आणि रुख्माबाईचं तोंड पाहिलं की जीभ आत जायची. दिवस घातला गेला. त्यानंतर सांगायला जागाच राहिली नाही. दोन वर्षं एका ताटात जेवताना घास उतरायचा नाही, असं म्हणून ती थांबली. ती रडत नव्हती. इतक्या वर्षांत तिचंही ते आटलं असावं.

रुख्माबाईनं सगळं ऐकून घेतलं. आपण रडलो तेव्हा ही कोपऱ्यात तोंड झाकून बसली होती, ते तिला दिसलं. स्थळ पाहायला आपण उन्हातान्हात फिरलो तेही दिसलं. या पोरीला दोन शब्द बोलावेत, निदान उठून चालतं व्हावं, असं कुठेतरी होतं. पण ते दुसऱ्या कोणाचं असल्यासारखं लांब होतं. तिची नजर घरात गेली. चुलीची डावी बाजू खचली होती, तवा कलता बसत होता.

तिनं मुलीला मांडीवरून उतरवलं आणि माती कुठे मिळते ते विचारलं.

संध्याकाळपर्यंत ती चुलीजवळ होती. खचलेला भाग तिनं पूर्ण काढून टाकला, नवी माती लावली, अंगठ्यानं दाबत राहिली. ज्योत्स्ना पाण्याचं भांडं घेऊन शेजारी बसली होती, लागेल तेव्हा पाणी ओतत होती. वना आला, सासूबाई आल्या म्हणून त्याला बरं वाटलं, चुलीचं कौतुकही केलं. त्याला कोणी काही सांगितलं नाही. त्या रात्री बाहेर तीन दगड मांडून भाकरी भाजल्या. सकाळी रुख्माबाई पहिल्या गाडीनं निघाली. निघताना तिनं ती चिठ्ठी ज्योत्स्नापुढे धरली. ज्योत्स्नानं ती घेतली नाही. वाटेत कधीतरी रुख्माबाईनं चिठ्ठी चुरगळून मुठीत धरली, आणि बोराडीला उतरली तेव्हा ती मुठीत नव्हती. कुठे पडली, तिला सांगता आलं नसतं.

निरीक्षक दिवाळीनंतर आले. शेळ्या पाहिल्या, घराचा फोटो काढला, दारात उभ्या असलेल्या रुख्माबाईचाही काढला. नोव्हेंबर कापूस वेचण्यात गेला. डिसेंबरात पारसनं निरोप पाठवला की कार्ड चालू झालं. मशीनवर आता एकच नाव येत होतं. पाच किलो. पारसनं हळूच विचारलं, काय निघालं अक्का. ती म्हणाली, तोच होता. पारसनं मान हलवली आणि पुढच्या माणसाची पिशवी घेतली. पाड्यावर हळूहळू कळलंच. छगन येऊन पायाशी बसला, मला खरंच वाटलं होतं म्हणाला. ती म्हणाली, तुझं काय त्यात. काही बाया म्हणाल्या, मुलगा जिवंत निघाला, देवाला नारळ फोड. तिनं फोडला. खोबरं मुलांना वाटलं.

बादल आला नाही. फोन करायचा तर त्याच्याजवळ पारसच्या दुकानाचा नंबर होता, तो बदललेला नव्हता.

जानेवारीत वना स्वतः घ्यायला आला. ज्योत्स्नाला दिवस भरत आले होते, तिच्या बाजूचं बाईमाणूस कोणी नव्हतं. रुख्माबाईनं शेळ्या शेजारणीकडे दिल्या आणि त्याच्या मोटारसायकलवर मागे बसली. शिरपूरच्या सरकारी दवाखान्यात ज्योत्स्नाला आत नेलं, तेव्हा नर्सनं दारातच अडवून विचारलं, पेशंटची तुम्ही कोण. आई का सासू?

रुख्माबाईनं कपड्यांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"लिखी ल्या काय लिखनं ते," ती म्हणाली.

नर्सनं तिच्याकडे पाहिलं, आई असं लिहिलं आणि तिला आत सोडलं. दुपारी मुलगी झाली. पुसून, फडक्यात गुंडाळून नर्सनं ती रुख्माबाईच्या हातात दिली. रुख्माबाई पोरीच्या तोंडाकडे पाहत राहिली. काही वाटेल म्हणून ती थांबली होती. तेवढ्यात तिला दिसलं की फडक्यातून एक हात बाहेर आला आहे आणि तो गार पडला आहे. तिनं तो आत घेतला, पदराचं टोक वरून गुंडाळलं आणि जिथे ऊन येत होतं त्या खिडकीपाशी जाऊन बसली.